पंपावरचं ‘चालू’

भावोजींच्या गाडीतला फ्रिज हा फ्रिज नव्हताच, तान्हं मूल होतं. असं आमची ताई म्हणायची. त्यात कौतुक किती आणि वैताग किती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

भावोजींनी सारा जन्म शाळेची बस चालवली. निवृत्त झाल्यावर लोक घरी बसतात, यांनी एक जुनी कॅरॅव्हॅन विकत घेतली. पुढे दोन सीट, मागे पलंग, बेसिन, शेगडी आणि दाराशेजारी तो फ्रिज. “जन्मभर गाडी चालवून कंटाळलेला माणूस काय करतो? आणखी मोठी गाडी चालवतो,” असं ताई येईल त्याला ऐकवायची. भावोजी तिला गाडी म्हणायचे, ताई घर म्हणायची. “गाडी तुमची, घर माझं. पायरी चढलात की मी सांगेन तसं वागायचं.” यावर भावोजी म्हणायचे, “घराला चाकं आहेत, एवढं लक्षात ठेव म्हणजे झालं.”

फ्रिज मात्र दोघांचा होता. त्याचे लाड मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत. निघायच्या आदल्या दिवशी तो घरातल्या विजेवर रिकामाच सुरू करून ठेवायचा. “हा गार करत नाही छोटे, गार ठेवतो,” भावोजी मला शिकवायचे. ताईच्या लग्नात मी परकरात होते, तेव्हापासून त्यांच्या तोंडी मी ‘छोटी’, ती केस पांढरे झाले तरी छोटीच. आत ठेवायची वस्तू आधीच गारेगार हवी, ती दाटीवाटीने कोंबायची नाही आणि दार उगाच उघडायचं नाही. मुक्कामाला गाडी सपाट उभी हवी, तिरकी राहिली की हा रुसतो. त्यासाठी भावोजी मधल्या जमिनीवर एक लिंबू ठेवायचे. लिंबू घरंगळलं, की खाली उतरून चाकाखाली फळी सरकवायची. ताईला सरबत करायचं असलं तरी त्या लिंबाला हात लावायची सोय नव्हती.

त्याला एक जुनं बटण होतं, हाताने फिरवायचं. गाडी पळत असताना बॅटरीवर, थांबली की गॅसवर, आणि पंपावर डिझेल भरताना पूर्ण बंद. पंपावर काहीही चालू ठेवायचं नाही, हा भावोजींचा बसच्या दिवसांपासूनचा दंडक. पंपावर गाडी लागली की ते स्वतः मागे जाऊन बटण फिरवायचे आणि खणखणीत आवाजात म्हणायचे, “बंद!” डिझेल भरून झालं की ते पुढे येऊन बसायचे. मग ताई मागे जाऊन बटण बॅटरीवर आणायची आणि तिथूनच ओरडायची, “चालू!” तो आवाज आल्याशिवाय भावोजींनी कधी पंप सोडला नाही. एकदा ताई मुद्दाम गप्प बसली, तर मागच्या गाड्यांनी हॉर्नचा कल्लोळ केला तरी हे स्टिअरिंगवर हात ठेवून ढिम्म. तो किस्सा ताईने मला किती वेळा सांगितला असेल! दर वेळी हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

मागच्या महिन्यात ताई दुपारी “जरा पडते” म्हणून पडली, ती उठलीच नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी, पिल्लू, दूर, देशाच्या दुसऱ्या टोकाला राहते. तिचे दिवस भरत आले होते आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून हलायला बंदी केली होती. आईचं शेवटचं दर्शनही तिला झालं नाही. त्या बाळंतपणासाठीच ताईने भोपळ्याचं सूप करून डबे भरून गोठवून ठेवलं होतं. पिल्लू लहानपणी आजारी पडली की दुसरं काही खायची नाही, फक्त आईच्या हातचं हे सूप. घरच्या फ्रीझरमध्ये ते डबे तसेच राहिले, ताईच्या हातचं शेवटचं रांधलेलं.

बाळ झाल्याचा फोन आला आणि भावोजींनी गाडी पुसायला काढली. विमानाने जा, डबे बर्फात घालून पाठवा, असं जो तो सांगत होता. जावईसुद्धा म्हणाला. भावोजींचं एकच उत्तर, “ती गाडीनेच नेणार होती.” बाळंतिणीजवळ कुणी बाईमाणूस हवं म्हणून मी बरोबर निघाले आणि पुढच्या सीटवर, ताईच्या जागी बसले.

पहिला दिवस छान गेला. भावोजींनी आमच्या पिण्याच्या पाण्यासाठी वेगळी बर्फाची पेटी आणली होती, म्हणजे फ्रिज उघडायला नको. मी एकदा सहज हात नेला तर म्हणाले, “दार उघडलंस की गारवा पायावर सांडतो बघ. सांडलेला परत भरता येत नाही.” दर थांब्यावर ते डब्यांची चौकशी करायचे, न उघडता, नुसता दारावर तळवा ठेवून. मध्येच स्वतःशी म्हणायचे, “पोहोचवतो. तू बघच.”

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पंपावर थांबलो. ऊन असं, की डांबर बुटाला चिकटत होतं. भावोजी मागे गेले. नेहमीसारखं “बंद!” ऐकू आलं. डिझेल भरून झालं. ते पुढे येऊन बसले, स्टिअरिंगवर हात ठेवले आणि थोडा वेळ थांबले. मला वाटलं, आरशात बघताहेत. मग त्यांनी हलकेच मान डोलावली आणि गाडी काढली. सगळी दुपार गाडी उन्हातून पळत राहिली.

संध्याकाळी मुक्कामाच्या मैदानात पोहोचलो. लिंबू जागचं हललं नाही. “बघ, एका दमात!” भावोजी खूश होऊन म्हणाले आणि फ्रिज गॅसवर घ्यायला वाकले. वाकले ते तसेच राहिले. बटण ‘बंद’वर होतं.

त्यांनी दार उघडलं. कडेने पाणी ओघळून त्यांच्या पावलांवर आलं. गारवा कुठला? कोमट पाणी.

“पंपावर मी बंद केला होता,” ते म्हणाले.

“हो, मी ऐकलं ना.”

“मग चालू म्हणाली ना?”

“कोण, भावोजी?”

 ते पायरीवर जाऊन बसले. तिथूनच म्हणाले, “मला ऐकू आलं गं छोटे. म्हणून तर गाडी काढली.”

मी एकेक डबा उघडून पाहिला. कडेच्या डब्यांना आंबूस वास येत होता. अगदी मधल्या एका डब्यात तेवढा बर्फाचा गोळा शिल्लक होता. तो आम्हाला खायला चालला असता, पण ओल्या बाळंतिणीसाठी उद्यापर्यंत ठेवायचा? “शंका आली की टाकायचं, त्यात जीव अडकवायचा नाही,” हे ताईचंच सांगणं. भावोजींना ते माझ्याआधी आठवलं असणार. त्यांनी विचारलंसुद्धा नाही. फोन तेवढा लावला.

“पिल्लू... सूप गेलं गं. माझ्या हातून गेलं.”

पलीकडे बाळाची कुरकुर ऐकू येत होती. मग तिने विचारलं, “सगळं?”

“एक डबा आहे. पण आजच खाता येईल असा. तुझ्यापर्यंत नाही टिकायचा.”

“मग तुम्ही खा, बाबा.”

“मी? अगं, ते तुझ्यासाठी...”

“खा म्हणते ना! आणि फोन ठेवू नका.”

मी डबा पातेल्यात उपडा केला आणि चांगली उकळी काढली. वाडगा भावोजींसमोर ठेवला आणि फोन त्याच्या शेजारी. त्यांनी पहिला चमचा घेतला.

“कसं झालंय?”

“मीठ कमी आहे.”

“कमीच असणार. तुमच्या ब्लडप्रेशरपायी तिने सगळ्या घराचं मीठ तोडलं.” ती हसली, आणि ते हसणं मध्येच कुठेतरी मोडलं. “मिरी आहे का?”

“आहे.”

“आधी लागत नाही ना? गिळल्यावर लागते.”

“हो,” भावोजी म्हणाले. “गिळल्यावर.”

 त्यांनी वाडगा संपवला, कडेचंसुद्धा चमच्याने निपटून घेतलं. पलीकडून ती ऐकत होती. मी पाठ फिरवून शेगडी पुसत राहिले, पुसण्यासारखं काही नव्हतं तरी.

बाकीचे डबे भावोजींनी मला रिकामे करू दिले नाहीत. स्वतः केले, स्वतः घासले, पुसून कोरडे केले. “डबे तरी देईन तिला,” म्हणाले.

सकाळी निघायच्या वेळी ते पुढे येऊन बसले. मी पट्टा लावला. त्यांनी गाडी सुरू केली, स्टिअरिंगवर हात ठेवले आणि थांबले. मी मागे जायला पट्टा सोडणार, तेवढ्यात म्हणाले, “बस तू.”

ते खाली उतरले. मागचं दार उघडल्याचं ऐकू आलं. मग त्यांचा आवाज आला, पण पंपावर ‘बंद’ म्हणतानाचा खणखणीतपणा त्यात नव्हता.

“चालू.”

फ्रिजमध्ये माझी एक अर्धी पाण्याची बाटली तेवढी होती. ते पुढे आले, आरसा नीट केला आणि गाडी काढली.