अक्कांच्या गोष्टीतले माझे ठिपके

खरं तेच आधी सांगून टाकते, म्हणजे पुढं लिहायला हात मोकळा होईल. माझ्या थोरल्या जाऊबाईंची, यमुनाअक्कांची, आयुष्यात एकच गोष्ट छापून आली आणि त्या गोष्टीतली सगळ्यात चांगली वाक्यं मी काढून टाकली. काढली आणि त्या जागी ठिपके दिले. तीन-तीन ठिपके, एकसारखे, नीटनेटके. तेव्हा मी एकवीस वर्षांची होते, धड वाचायला शिकून वर्षही झालं नव्हतं, आणि मराठी भाषेचं शील राखायची जबाबदारी आपल्यावरच येऊन पडली आहे अशी माझी पक्की समजूत होती. तेव्हापासून कागदावर ठिपके द्यायचा मी धसका घेतला आहे. या लेखात ते दिसणार नाहीत. जिथं थांबायचं तिथं मी सरळ पूर्णविराम देईन.

अक्का गेल्या त्याला सव्वा महिना झाला. सकाळी उत्रोलीहून चुलत पुतण्याचा फोन आला. मोबाईलवर त्याचा आवाज तुटत होता. "काकू, अक्का," एवढंच कळलं आणि पुढचं ऐकू येईना. पुढचं ऐकायची गरजही नव्हती. मी मेथी निवडत बसले होते, ती जुडी संपेपर्यंत निवडत राहिले. दहाव्याला नदीकाठी आमच्याकडच्या रीतीप्रमाणं माईक लावून भाषणं झाली. एक पुढारी म्हणाले, माउली फार सोज्वळ होती. दुसरे म्हणाले, जन्मभर वर मान करून बोलली नाही. मी पदर तोंडात धरला. शेजारच्या बाईला वाटलं मी रडतेय, तिनं पाठीवरून हात फिरवला. कसं सांगणार होते तिला, की मला हसू आवरत नव्हतं? ज्या बाईनं तरुणपणाची आठ-नऊ वर्षं शृंगार कसा लिहावा या एकाच ध्यासात घालवली, तिला सोज्वळपणाची शाल पांघरून वाटेला लावत होते. आणि त्या शालीचा पहिला धागा मीच विणलेला होता.

भोर संस्थान विलीन होऊन तीनेक वर्षं झाली होती तेव्हा मी लग्न होऊन उत्रोलीत आले. माझं माहेर गुंजवण्याचं, वेल्ह्याकडचं. शाळा दुसरीपर्यंत, तीही गुरांमागून वेळ उरला तर, आणि शिकलेलं सगळं विसरलेलं. एकोणिसाव्या वर्षी लग्न म्हणजे तेव्हाची घोडनवरीच. सासरी तीन बायका: सासूबाई, ज्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, अक्का आणि मी. पुरुष मुंबईला. आमचे मालक सूतगिरणीत होते, वर्षातून दोनदा यायचे, शिमग्याला आणि गणपतीला. थोरले भावजीही मुंबईलाच, पण ते यायचे नाहीत. तिकडं त्यांनी दुसरं घर केलं होतं. हे गावाला ठाऊक होतं, आत्याबाईंना ठाऊक होतं, आणि कुणी बोलत नव्हतं. अक्का तेव्हा सत्तावीसच्या असतील. उंच, सावळ्या, चालताना मागून बघत राहावं अशा.

त्या भोरला सातवी शिकलेल्या होत्या, म्हणून गावातल्या बायकांची मुंबईला जाणारी पत्रं त्याच लिहायच्या. कार्ड वापरायच्या नाहीत, पाकीटच. कारण मुंबईत एका खोलीत पंधरा माणसं राहायची आणि ज्याला वाचता येई तो सगळ्यांची कार्डं मोठ्यानं वाचायचा. मला आठवतंय, लावणीच्या दिवसांत दुपारी बांधावर भाकरी खाताना गोदा अक्कांपुढं येऊन बसली. गोदा म्हणजे आमच्या शेजारची, तिचा नवराही गिरणीत.

"लिवा की यमुनाबाई. म्हईस व्याली, रेडी झाली. खालच्या वावरात लावणी उरकली. समदं बरं हाय."

"आन् तुजं काय?" अक्कांनी विचारलं.

"माजं काय? माजंबी बरं हाय."

"बरं हाय असं लिवू, का खरं लिवू?"

बांधावरच्या साऱ्या बायका खिदळल्या. गोदानं तोंडाला पदर लावला. "तुमीच लिवा बाई. म्या न्हाई सांगायची."

अक्कांनी काय लिहिलं कोण जाणे. गोदाचा नवरा गणपतीची वाट न बघता नागपंचमीलाच येऊन धडकला. त्यानंतर आळीत बोललं जाऊ लागलं, यमुनाच्या हातचं पत्र गेलं की माणूस येतो. मी मूर्खासारखं एकदा विचारलं, "अक्का, तुमी भावजींना का लिवत न्हाई?" विळा चालवता चालवता त्या म्हणाल्या, "लिवलं व्हतं. येकदा." आणि गवताची पेंढी जरा जास्तच आवळून बांधली.

मला पुन्हा वाचायला त्यांनीच शिकवलं. आत्याबाईंना सांगितलं, पोथी वाचायला शिकवते. शिकवलं मात्र भोरच्या वाचनालयातून आणलेल्या कादंबऱ्यांवर. बाजाराच्या दिवशी पुस्तक बदलून परत येताना एकदा त्या रस्त्यातच उभ्या राहिल्या.

"बग सरू, हे लेखक. दोनशे पानं पोरगी झुरती. मग त्यो येतो. दार लावलं, दिवा मालवला, की तीन ठिपकं! पुडच्या पानावर सकाळ. पळाला लेखक."

"मग काय लिवायचं वो तितं?"

"जे व्हतं ते."

"शी!"

"शी काय? आन् आपल्याकडं रॉकेल तरी कुटं असतं दिवा मालवायला? आपलं समदं अंदारातच. मला त्या ठिपक्यांतलं लिवायचंय."

मी 'शी' म्हणाले खरी, पण पुढचे दोन दिवस ते 'जे व्हतं ते' सोडून दुसरं काही डोक्यात येईना. भाकऱ्या करपल्या. आत्याबाईंनी विचारलं, "ध्यान कुटं हाय?" आता काय सांगू, साहित्यात आहे म्हणून?

वही भाताच्या कणगीत, वरच्या थराखाली दडवलेली असायची. अक्का दुपारी लिहायच्या, आत्याबाई कलंडल्या की. लिहून झालं की वहीला चिकटलेली तुसं झटकून मला वाचायला द्यायच्या आणि स्वतः भांडी घासायला जायच्या. पण घासण्याचा आवाज यायचा नाही. पाठमोऱ्या बसून त्या कान देत असायच्या, मी कुठं थांबते, कुठं श्वास घेते. मी ओठांतल्या ओठांत पुटपुटत वाचायचे, वही परत द्यायचे आणि घुम्यासारखी म्हणायचे, "अक्षर छान हाय."

लग्नानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात त्यांनी ती गोष्ट लिहिली, 'चार दिवसांची रजा'. गिरणीतला नवरा अकरा महिन्यांनी घरी येतो, एवढीच गोष्ट. पुण्याच्या एका मासिकाच्या दिवाळी अंकाला पाठवायची होती, आषाढ संपायच्या आत, कागदाच्या एकाच बाजूला, सुवाच्य अक्षरात. आणि नेमकं लावणीच्या चिखलात अक्कांच्या उजव्या अंगठ्याला नखुर्डं झालं. बोट वांग्याएवढं सुजलं. म्हणून ही गोष्ट आधी वाचायला न मिळताच नक्कल करायचं काम माझ्याकडं आलं.

तीन दिवस दुपारी मी लिहीत होते. पहिल्या दोन दुपारी बिनचूक उतरवलं. तिसऱ्या दुपारी एका वाक्याशी आले आणि घाम फुटला. झालं असं होतं, की मागं कधीतरी मी अक्कांना बोलून गेले होते, मालक मुंबईहून येतात तेव्हा त्यांच्या कानामागं कापूस असतो, किती धुतलं तरी. एवढंच. आणि इथं तो कापूस गोष्टीत येऊन बसलेला! झालं, मला वाटलं, सगळं पुणं मला ओळखणार. पुण्यात मला ओळखणारं काळं कुत्रंही नव्हतं, पण माझ्या डोळ्यांपुढं शनिवारवाड्यासमोर माणसं जमली होती आणि एकमेकांना सांगत होती, ही बघा उत्रोलीची सरू. मी ते वाक्य गाळलं. मग त्याच्या मागचं गाळलं. मग पुढची चार. कागदावर भोकं पडल्यासारखं दिसायला लागलं तेव्हा आठवलं, मोठे लेखक अशा वेळी काय करतात. ठिपके दिले, अक्कांनी बघायच्या आत पाकीट बंद केलं, आणि आपण अक्कांची अब्रू वाचवली अशा समाधानात ते भोरच्या पोस्टात टाकून आले.

गोष्ट छापली. अंक आला तो दिवाळीतल्या एका दुपारी. आत्याबाईंच्या आनंदाला पार नव्हता, सुनेचं नाव छापून आलं होतं. त्यांनी सगळ्या आळीला ओसरीवर बोलावलं आणि म्हणाल्या, "यमुना, वाच." अक्कांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "आत्याबाई, हे वाचन्यासारकं न्हाई." "छापन्यासारकं हाय आन् वाचन्यासारकं न्हाई? वाच गपगुमान!"

अक्का वाचायला लागल्या. दोन पानं झाली. नवरा घरात आला, पाय धुतले, बायकोनं दार लोटलं. अक्कांनी डोळे मिटल्यासारखे केले, श्वास घेतला, पान उलटलं आणि थांबल्या. कागदाकडं बघत राहिल्या. वाक्यं त्यांना पाठ होती. ओठ हललेलेही मी पाहिले. मला वाटलं, आता बोलणार, सगळ्या आळीपुढं बोलणार. पण त्यांनी ठिपक्यांवरून बोट फिरवलं आणि पुढची सकाळ वाचायला घेतली.

संपल्यावर आत्याबाईंनी डोळे पुसले. "लई सोज्वळ लिवलंय गं. देवळात बसून वाचावं असं."

अक्कांची खात्री होती, संपादकानंच कापलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्याला चार पानी पत्र धाडलं. उत्तर कार्डावर आलं. त्यात होतं, आपल्या हस्तलिखितातलं एकही अक्षर आम्ही बदललेलं नाही, आपला संयम वाखाणण्याजोगा आहे, असंच आणखी पाठवावं. अक्कांनी ते कार्ड दोनदा वाचलं. मग माझ्याकडं पाहिलं. मी दळण घेऊन बसले होते. जात्यात घातलेला घास तसाच राहिला. त्यांनी कणगीतून वही काढली, न्हाणीच्या चुलाण्याशी गेल्या आणि पानापानानं आत सारली. त्या संध्याकाळी पाणी इतकं कढत तापलं, की आत्याबाई म्हणाल्या, आज काय सण हाय का?

म्हणजे ती आख्खी गोष्ट आता कुठंच नाही. फक्त माझ्यापाशी आहे, कारण जे गाळलं ते माणूस विसरत नाही. दोन तुकडे जसेच्या तसे देते. पहिला: 'त्याच्या हाताला आता मातीचा वास नव्हता, तेलाचा होता. तिनं तो हात आपल्या गळ्याखाली धरला आणि मातीचा होईपर्यंत सोडला नाही.' दुसरा: 'त्याच्या कानामागं कापसाचा एक तंतू अडकला होता. तो तिनं बोटांनी काढला नाही, ओठांनी काढला. एकच होता, पण तिला तो बराच वेळ सापडेना.'

कापूस माझा होता. ओठ अक्कांचे. मी तसलं काही त्यांना सांगितलं नव्हतं, कारण मला ते सुचलेलंच नव्हतं. ज्या बाईचा माणूस सहा वर्षांत उंबऱ्याशी आला नव्हता, तिला ते सुचलं होतं. पुढच्या शिमग्याला मालक आले तेव्हा मी ते वाक्य करून पाहिलं. ते चकित होऊन म्हणाले, "हे कुटं शिकलीस?" मी म्हटलं, "वाचनातनं."

हे मी अक्कांना कधीच सांगितलं नाही. मालकांना सांगून झालं, म्हातारपणी सुनांना सांगून हसवलं, पण जिला सांगायचं तिला नाही. नंतर त्यांनी आणखी सात-आठ गोष्टी लिहिल्या, स्वतःच्या हातानं, आणि मला दाखवल्या नाहीत. सगळ्या साभार परत आल्या. साठ साल उजाडायच्या सुमारास लिहिणं थांबलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, डोळं गेलं. डोळे चांगले ठणठणीत होते, तांदळातला खडा लांबून दिसायचा. बायकांची पत्रं मात्र घरोघरी फोन येईपर्यंत लिहीत राहिल्या आणि माणसं येत राहिली. गेल्या वर्षी मी ठरवून गेले होते, आता सांगायचंच. त्यांना ऐकू कमी येत होतं, खोलीत माणसं भरलेली. एवढी मोठ्यानं ओरडून सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती, म्हणून त्यांच्या हातावर हात ठेवून परत आले.

उत्तर द्यायला मला उशीर झाला, तेव्हा ते इथं छापून देते: हो, अक्का. झाला. आजही होतो.

प्रश्न त्यांनी विचारला होता ते कार्ड आल्यावर पंधरा दिवसांनी, भात झोडायच्या वेळी. तोवर माझ्याशी एक शब्द नव्हता. खळ्यावर आम्ही दोघीच होतो. मी मनाशी शिव्या खायची तयारी करून बसले होते. त्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली, कपाळावरचा कोंडा पुसला, आणि जे विचारलं त्यावर मी बैल सुटला म्हणत पळाले. बैल बांधलेलाच होता. त्यांचे शब्द हे असे होते:

"सरू, ठिपकं दिलंस ते दिलंस, त्याचं मला काय न्हाई. पर ठिपकं द्यायच्या आदी तू वाचलंस न्हवं? मग येवडंच सांग मला, वाचताना तुजा जीव खालवर झाला का न्हाई?"