मावशीचा उजवा अंगठा

आमची मावशी शिंपीण. कोट शिवण्यात तिचा हात धरणारं गल्लीत कोणी नव्हतं, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. पक्षाघाताच्या झटक्यानंतर तोच उजवा हात मांडीवर निपचित पडून राहू लागला. तोंड तेवढं शाबूत होतं. "बंद पडायचं ते चालूच राहिलं," असं मावशीचे यजमान, आमचे काका, बोलून गेले आणि चांगलेच फैलावर घेतले गेले.

दवाखान्यात एक यंत्र होतं. तारेचं वेटोळं डोक्याशी धरायचं, त्यातून क्षणभर जोरात वीज सोडायची. त्यातून उठलेली चुंबकीय लहर कवटीतून आत शिरते आणि मेंदूतल्या चेतापेशींना जागं करते. मेंदूपासून हातापर्यंतची वाट शाबूत असेल, तर अंगठा आपोआप उडतो. उडाला, तर हात परत येण्याची आशा दांडगी. नाही उडाला तर... डॉक्टरीणबाईंनी वाक्य अर्धवटच सोडलं. शिवण गेली तर मावशीत उरणार काय?

"हात सैल सोडा. मनात काही आणू नका," तंत्रज्ञ म्हणाला.

टक्! अंगठा ढिम्म. पुन्हा टक्. ढिम्म. मला रडू फुटत होतं.

मावशी मात्र तंत्रज्ञाच्या पांढऱ्या कोटाकडे डोळे वटारून बघत होती. "काय रे, हा कोणी शिवला? डावी बाही उजवीकडे लावलीय!"

टक्! अंगठा टुणकन उडाला.

"आत्ता काय केलंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काय करणार? बाही उसवली मनातल्या मनात, आणि टाके घालायला घेतले."

डॉक्टरीणबाई खळखळून हसल्या. "हालचाल मनात आणली की पेशी आधीच तयारीत बसतात. त्यांना एवढा टेकूच हवा होता. शिवत राहा!"

मग काय विचारता! मावशी शिवत सुटली, अंगठा उडत सुटला, आणि मी चक्क टाळ्या पिटल्या.

पुढचं सोपं नव्हतं. व्यायाम करताना तिनं घरादाराला सळो की पळो केलं. हाताला जोर येत गेला, पण कोणाला सांगेल तर शपथ.

एके दिवशी तिच्या दुकानात हाताखाली काम करताना मी गिऱ्हाइकाची कॉलर तिरकी कापली. मावशी तरातरा आली आणि माझा कान असा पिळला की डोळ्यांत पाणीच आलं. उजव्या हातानं!

"काका, धावत या!" मी ओरडले. "कान बघा माझा, कान!"

कान लालभडक झाला होता. मावशी तो सोडेना, आणि मलाही सोडवून घ्यायचा नव्हता.