मंगळवार-शुक्रवारची शिकवणी

दुपारचं जेवण अंगावर आलंय. आतल्या खोलीत पंखा फिरतोय, पापण्या जड झाल्यात, पण कान मात्र दाराकडे आहेत. आज शुक्रवार. चार वाजता नीमा येईल, आणि आज तिला दार उघडायचं नाही असं ठरवूनच मी आडवी झालेय.

नीमा टांझानियाची. इथे साताऱ्यात औषधशास्त्र शिकते. दवाखान्यात पेशंटशी बोलता यावं म्हणून तिला मराठी हवं होतं, आणि शिकवायला हे तयार झाले. हे म्हणजे माझे यजमान. एसटी स्टँडवर एकतीस वर्षं गाड्या पुकारण्यात गेलेली. निवृत्तीनंतरही पाय तिकडेच वळायचे, तिथेच ही ओळख झाली. मग दोन वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी पुढच्या खोलीत दोघांच्या गप्पा. मी चहा घेऊन गेले की गप्पा बंद. शिकवणीत लपवण्यासारखं असतं काय? बरं, हे जाऊन तीन महिने झाले तरी बाई येतेच आहे. येते, बसते, माझ्या तोंडाकडे बघते, जाते. मास्तर नाही तर शिकवणी कसली? काहीतरी पाणी मुरतंय हे नक्की.

डोळा लागतो न लागतो तोच पुढच्या खोलीतून आवाज येतो.

"हे काय?"

"तांब्या."

"आणि हे?"

"खिडकी."

मी उठून जाते. हे कॉटवर बसलेत, अंगात नोकरीतला खाकी शर्ट. समोर खुर्चीत नीमा. यांच्या हातात चष्म्याचं घर आहे, ते उघडतायत आणि मिटतायत. टक. टक.

"तुम्ही गेलात ना?" मी विचारते.

"गेलो की. पण आज शुक्रवार आहे."

हे मला काही पटत नाही. गेलेला माणूस वार बघून येतो होय? आणि घरभर चिठ्ठ्या पुन्हा चिकटलेल्या आहेत. नीमाला शब्द कळावेत म्हणून यांनी वस्तूवस्तूवर लावल्या होत्या, आणि तेरावा झाल्यावर मी एकूण एक खरवडून काढल्या होत्या. आता सगळ्या जागच्या जागी. खिडकी. फडताळ. स्वयंपाकघरात विळीवर 'विळी'. आमच्या कपाटाच्या आत 'बंडी', 'टोपी'.

"ही पोरगी स्वयंपाकघरात कधी आली?" मी म्हणते. "आणि आमच्या कपाटात तिचं काय काम?"

"ती कुठं आली? ती बाहेरच बसते," हे म्हणतात, आणि नजर चुकवतात.

विळीवरची चिठ्ठी उचकटायला मी वाकते, तर पायाखाली स्टँडची फरशी आहे. हे खिडकीमागे माइकसमोर बसलेत.

"फलाट क्रमांक सहावर लागलेली, सातारा..."

आणि थांबतात. माणसं पिशव्या उचलून उभी. ड्रायव्हर दारात पाय ठेवून थांबलाय.

"सातारा... ते... ते हे..."

नीमा त्यांच्या कानाशी लागते. हे मोठ्यांदा म्हणतात, "मेढा!" गाडी सुटते.

"ती का सांगतेय?" मी काचेवर हात आपटते. "शिकतंय कोण इथं?"

चोरी पकडल्यासारखे हसतात. हात पुढे करतात. "अगं, ते हे दे जरा."

"ते हे म्हणजे काय? नीट सांगायला तोंड नाही का?"

बोलून जाते आणि माझं मलाच कसंतरी होतं. शेवटच्या वर्षी हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा तरी म्हणत होते. हे हात मागे घेतात. तेव्हाही असाच घ्यायचे, आणि मग दिवसभर काही मागायचे नाहीत.

पण मी काही सहजी विरघळणारी नाही. आमचे हे कुठलं गाव कधी विसरतील? हा दुसराच कुणीतरी आहे.

"तुम्ही तेच असाल तर माझं नाव घ्या," मी म्हणते.

लग्नात घास भरवताना घेतलं होतं तेवढंच. पुढे चव्वेचाळीस वर्षं 'अगं'वर भागलं. आमच्यात सगळ्यांचं भागतं.

पाट मांडलेत, रांगोळी काढलीय, ताटात जिलबी. करवल्या ओरडतायत, "नाव घ्या, नाव घ्या!" यांच्या हातात घास आहे. ओठ हलतात. पाक मनगटावरून ओघळतो. करवल्या एकेक करून गप्प होतात.

"बघा, येत नाही. तोतया आहे हा!" मी म्हणते खरी, पण पुढे रेटवत नाही. कारण हे माझ्याकडेच बघतायत आणि त्यांच्या डोळ्यांत भीती आहे. हा माणूस मला कधी घाबरलेला दिसला नव्हता.

चष्म्याचं घर ते माझ्या हातात देतात. माझी बोटं त्यावर मिटवतात.

"अगं," म्हणतात. "अगं. अगं."

बेल वाजते.

चार वाजलेत. मी आतल्या खोलीत झोपले होते आणि आता पुढच्या खोलीत, त्यांच्या कॉटवर आहे. हातात चष्म्याचं घर आहे. ते गेल्यापासून मी त्याला हात लावलेला नाही. खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात होतं ते. उघडते. टक. चष्म्याखाली एक चिठ्ठी, घडीवर झिजलेली, घामाने मऊ पडलेली. त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात, सुटं सुटं लिहिलेलं.

कु मु दि नी.

नीमा मला काकू म्हणते. तिला हा शब्द कशाला लागणार होता?

बेल पुन्हा वाजते. मी दार उघडते आणि चिठ्ठी तिच्यासमोर धरते.

"कधीपासून?"

ती मान खाली घालते. "पहिल्यापासून, काकू. माझे आजोबा पण असेच झाले होते, म्हणून मला कळलं. काका माझ्यासमोर शब्द शोधायचे, तर कुणी हसत नव्हतं. सगळ्यांना वाटायचं, माझ्यासाठी शोधतात."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"काका म्हणाले, ती रागावेल."

खरंच रागावले असते मी. दाराची चौकट धरून उभी राहते.

"मग आता कशाला येतेस?"

"ते म्हणाले होते, मी गेल्यावर हिला नावानं हाक मारणारं कुणी उरणार नाही. तू जात जा. पण मला धीर होत नव्हता. तुम्ही मोठ्या."

"मग मार आता."

नीमा चपला काढते, उंबऱ्याच्या आत येते आणि माझं नाव घेते. दोन वर्षांचा सराव आहे तिचा. एक अक्षर चुकत नाही.