मामांचा मोर आणि बंद पडणारा कॉम्प्युटर

लग्न होऊन मी मोहोळहून सोलापूरला आले तेव्हा सासरी सगळे तेलुगू बोलायचे आणि मला त्यातलं अक्षरही कळायचं नाही. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. ते मला तेलुगू रीतीनं अम्मा म्हणायचे आणि माझ्याशी मराठीत बोलायचे, पण अगदी मोजकं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचे चादरींचे माग होते. चादरींची डिझाइनं मामाच काढायचे, चौकटींच्या कागदावर पेन्सिलीनं. पुढे त्यांचा हात थरथरायला लागला. मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला. मग असं ठरलं, की मामांनी सांगायचं आणि मी माउसनं चौकटी भरायच्या.

माझ्या दिरांनी नोकरीसाठी पुण्याला जाण्याआधी कारखान्याच्या ऑफिसात एक जुना कॉम्प्युटर विंडोजऐवजी लिनक्स टाकून बसवून दिला होता. आमचं डिझाइनचं सॉफ्टवेअर त्यावर छान चालायचं. एके सकाळी मी नेहमीसारखं अपडेट होऊ दिलं आणि तिथून बिनसलं. मामांनी नवा मोर काढायला घेतला होता. पिसाऱ्याच्या चौकटी नीट दिसाव्यात म्हणून मी चित्र मोठं केलं, की सॉफ्टवेअर बंद. सूचना नाही, काही नाही. पुन्हा उघडलं, पुन्हा मोठं केलं, पुन्हा तेच.

शेजारी बसलेले मामा हळूच म्हणाले, “अम्मा, माझा मोर जड झाला की काय त्याला?”

“नाही मामा, मोराचं काही चुकलेलं नाही.”

मी हे म्हटलं खरं, पण मलाही कारण ठाऊक नव्हतं. दिरांना फोन लावला. ते म्हणाले, “वहिनी, आयकॉनवरून उघडू नका. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत नाव टाइप करून उघडा आणि बंद पडताना शेवटी काय लिहून येतं ते बघा.”

तसं केलं. शेवटच्या ओळीत ग्राफिक्स ड्रायव्हरचं नाव होतं. मी मामांना समजावलं, की स्क्रीनवर चित्र उमटवणारं एक कार्ड असतं आणि त्याला कामाला लावणारा ड्रायव्हर अपडेटमध्ये बदललाय.

“म्हणजे माग तोच, चालवणारा नवा,” मामा म्हणाले.

खात्री करावी म्हणून मी कार्ड न वापरता सॉफ्टवेअर चालवलं. आता ते बंद पडेना, पण भारी हळू झालं. मोठं केलेलं चित्र वरून खाली पट्टीपट्टीनं उमटायचं. आधी तुरा, मग मान, मग पिसारा. मी वैतागले होते, पण मामा टक लावून बघत राहिले.

“राहू दे की असंच थोडे दिवस,” ते म्हणाले. “मागावरून उतरल्यासारखं वाटतंय.”

मग आम्ही तसंच काम केलं. चित्र उमटेपर्यंत हात रिकामे, म्हणून बोलणं सुरू झालं. मोराला नेमली म्हणतात, लाल म्हणजे एरुपु, हे मी त्या खुर्चीवर बसून शिकले. माझे उच्चार ऐकून मामा हसायचे. त्यांना हसताना मी तोवर पाहिलंच नव्हतं. आज मी घरात सहज तेलुगू बोलते, त्याची सुरुवात त्या संथ पडद्यापुढे झाली.

ऑर्डरची घाई झाली तेव्हा मात्र मी नवा ड्रायव्हर काढून जुना बसवला. कॉम्प्युटर पुन्हा चालू केला तर स्क्रीन काळी. मी उठायलाच लागले. मोर आत होता.

“उठू नको. आधी चहा घे,” मामा म्हणाले, आणि स्वतः कँटीनला सांगून आले.

चहा पिता पिता आठवलं, की अपडेटमध्ये लिनक्सचा गाभाही, म्हणजे कर्नेलही, बदलला होता आणि जुना ड्रायव्हर त्याच्याशी जुळत नसणार. सुरू होतानाच्या मेन्यूत मी आधीचा गाभा निवडला. स्क्रीन उजळली. मोर मोठा केला, आणखी मोठा केला. सॉफ्टवेअर चालूच राहिलं. तो ड्रायव्हर आणि तो गाभा पुन्हा बदलणार नाहीत अशी सोय करूनच मी उठले.

त्या डिझाइनची पहिली चादर मामांनी घडी करून पिशवीत घातली आणि मला म्हणाले, “चल, तुझ्या माहेरी जाऊ.” लग्नानंतर ते मोहोळला कधी गेले नव्हते. एसटीनं गेलो. माझ्या वडिलांपुढे चादर उलगडून त्यांनी ड्रायव्हरची सगळी हकीकत सांगितली. वडील शेतकरी माणूस. त्यांना त्यातलं काही कळलं नाही.

“व्हय, लहानपनापासनं तशीच हाय ती,” ते म्हणाले. “एकदा धरलं की सोडत न्हाय.”

मग दोघं ओसरीवर बसून सुताच्या आणि ज्वारीच्या गोष्टी करत राहिले. मी आतून ऐकत होते. मामांना मी इतकं बोलताना कधीच ऐकलं नव्हतं.