फोटोवरचं माझं नाव

लाखनीच्या कबड्डी सामन्यांतले मी काढलेले फोटो लोक कोपऱ्यातलं माझं नाव कापून खुशाल वापरायचे. डोकं फिरलं माझं. यंदा एका खेळाडू पोरीच्या फोटोवर मी नाव मधोमधच टाकलं. आता कापून दाखवा, म्हटलं.

कोणी कापलंच नाही. गुडघेदुखीच्या तेलाच्या बॅनरवर ती पोर माझ्या नावासकट चौकात झळकली. मला कोणी विचारलंही नव्हतं.

अड्याळवरून तिच्या वडिलांचा फोन आला. "येऊन राहिलो मी. पोरीले बॅनरवर कायले लावलं? नाव त तुमचंच हाये."

त्यानंतर माझ्या फोटोच्या दुकानासमोर मोटरसायकल थांबली, की मी काउंटरखाली वाकायचो. इतकी वर्षं फोटो माझा आहे म्हणून भांडलो. ते मान्य करणारा पहिला माणूस वाटेत होता.