हेडफोन माझ्या कानांवर होते

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. आणि ज्याला सांगायला हवं होतं, त्याला तर नाहीच. आज तुम्हाला का सांगतोय? मलाही धड माहीत नाही.

एकोणीसशे ऐंशीनंतरची सुरुवातीची वर्षं. नाशिकजवळ, सातपूरच्या एका लहान वर्कशॉपमध्ये मी मेकॅनिक होतो. कोल्ड स्टोरेजची मशिनं बसवायची, दुरुस्त करायची. कॉम्प्रेसर माझ्याकडे, पाइपांचे जोड पगारेकडे. ब्रेझिंगमध्ये, म्हणजे धातू वितळवून पाइप सांधण्यात, त्याच्यासारखा हात कुणाचा नव्हता. दुपारी त्याच्या डब्यातली भाकरी मी हक्कानं खायचो. त्याला मात्र माझ्या घरी कधी जेवायला बोलावलं नाही. पण तो विषय वेगळा — वेगळा आहे का?

कॉम्प्रेसरच्या धडधडीत माझे कान गेले होते. पूर्ण नाही. जाड आवाज यायचे, बारीक हरवले होते. कुकरची शिट्टी, सायकलची घंटी, मुलीची हाक. कुणाला सांगणार? बहिऱ्या मेकॅनिकला कोण ठेवतं? गेटवर कामासाठी माणसं रोज उभी असायची. मी ओठांवरून बोलणं ओळखायला शिकलो. हे एकट्या पगारेला कळलं होतं. तो त्यावर कधी अवाक्षर बोलला नाही. फक्त माझ्याशी बोलताना समोर येऊन उभा राहायचा.

मग मालकांनी एक नवं यंत्र आणलं. मशिनात भरायच्या आमच्या थंडाव्याच्या गॅसला वास नाही, रंग नाही. तोवर आम्ही गळती शोधायला जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडे बघायचो. हे यंत्र, गॅस निसटताना जो आवाज माणसाच्या कानाला कळतच नाही, तो पकडून हेडफोनमध्ये ‘सुस्स’ असा ऐकवायचं. मालकांनी ते कौतुकानं माझ्या हातात दिलं — मी सगळ्यात जुना म्हणून. तेव्हाच सांगायला हवं होतं ना? मी हेडफोन लावले. काहीच ऐकू आलं नाही. मी मान डोलावली.

द्राक्षांच्या हंगामात एका कोल्ड स्टोरेजचा गॅस कमी व्हायला लागला. खोली थंड होईना, आत माल भरलेला. स्टोरेजवाला संतापलेला. तो, मालक, पगारे — सगळे माझ्यामागे, आणि मी यंत्राचं टोक पाइपांवरून फिरवतोय. काही नाही. परत पहिल्यापासून. काही नाही. गळती आहे हे तर सगळ्यांनाच माहीत होतं; सापडली नाही म्हटलं असतं तर यंत्र दुसऱ्याच्या कानाला लागलं असतं. मग? एका जोडापाशी मी थांबलो.

“इथून येतोय आवाज,” मी म्हणालो. “जोड कच्चा आहे.”

जोड पगारेचा होता.

तो माझ्यासमोर आला. ओठ सावकाश हलवत म्हणाला, “भाऊ, परत एकदा ऐका.”

माझं बहिरेपण त्याला ठाऊक होतं. एक वाक्य मालकांना सांगितलं असतं तर तो सुटला असता. त्यानं सांगितलं नाही. मी परत ऐकलं — ऐकल्यासारखं केलं — आणि म्हणालो, “हाच.”

मालकांनी त्याला तिथल्या तिथे कामावरून काढलं. स्टोरेजवाला त्याच्या जातीवरून काहीतरी बोलला. ओठांवरून मला ते नीट कळलं. मी हेडफोनची वायर गुंडाळत राहिलो.

तो जोड मी पुन्हा मारून घेतला, तरी गॅस कमी होतच होता. दुसऱ्या दिवशी मी एकटाच साबण घेऊन गेलो. कॉम्प्रेसरच्या शाफ्टच्या सीलवर बुडबुडे आले. ते सील मी बसवलं होतं. मी ते बदललं, फेस पुसला आणि मालकांना सांगितलं, आता ठीक आहे, दोष जोडाचाच होता. त्यांनी यंत्राचं कौतुक केलं. माझंही.

पगारेचे जोड कच्चे असतात, असं सातपूरभर झालं. कुणी त्याला कामावर घेईना. त्याची बायको शांताबाई आमच्या घरी आली. तुम्ही मालकांकडे शब्द टाका, ते तुमचं ऐकतात, म्हणाली. बघतो म्हणालो. शब्द टाकला नाही.

पुढे वर्षभरात माझं बहिरेपण मालकांना कळलंच. त्यांनी मला काढलं नाही. आधी सांगायचं ना, म्हणाले, आणि स्टोअरमध्ये बसवलं. इतकं सोपं होतं. तेव्हा तरी मी तोंड उघडायचं की नाही? मालक समोर होते, दार बंद होतं, त्यांना वेळ होता. मी आभार मानले आणि बाहेर आलो.

पगारे बायकोमुलांना घेऊन नामपूरला गेला. तिथल्या कांदा मार्केटमध्ये गोण्या उचलतो, असं ऐकलं. जोड मारणारा तो हात! नामपूरची एसटी नाशिकहून रोज सुटते. मी एकदाही तिच्यात बसलो नाही.