पेट्रोलच्या टाकीवरचं अस्तर

आमच्या आळीत जिला सगळे टाकेबाई म्हणतात, ती भित्री आहे हे तिलाही मान्य आहे. शाळेचे गणवेश शिवणारी ही बाई इस्त्री बंद करते, वायर प्लगमधून काढते, खोलीबाहेर पडते आणि परत आत जाऊन बघते. कुणी हसलं तर म्हणते, "हसा. कापडाच्या ढिगात राहून बघा, मग हसा." बाई ठेंगणी, बोलणं तुटक, आणि शिवण अशी पक्की की उसवणाऱ्याला घाम फुटावा.

अशा बाईनं आपल्या गाडीची पेट्रोलची टाकी स्वतःच्या हातानं उघडली. कशी, ते सांगतो.

तिचा नवरा तात्या. आयुष्यभर बस चालवली, मग पाय गेले आणि चाकांची खुर्ची आली. पाठीला जखम, तिचं ड्रेसिंग करायला दर आठवड्याला त्याला दवाखान्यात न्यावं लागतं. गाडी टाकेबाई चालवते. थंडीच्या दिवसांत दवाखान्यातून परतताना ती गाडी रेल्वेच्या फाटकात, ऐन रुळांवर बंद पडली. एरवी चावी फिरवली की मागच्या सीटखाली बारीक गुणगुण व्हायची. ती ऐकूच येईना. टाकेबाई उतरून ढकलू लागली. गाडी तसूभर हलेना. पुढच्या सीटवरून तात्या ओरडत होता, "अगं, तू हो बाजूला!" ती होईना. शेवटी रस्त्यावरची माणसं धावली आणि गाडी पलीकडे गेली. मग फाटक पडलं, रेल्वे धडधडत गेली, तरी हिचे हात डिकीला टेकलेले ते टेकलेलेच.

त्याच माणसांनी गाडी ढकलत घरच्या शेडमध्ये आणून लावली. मिस्त्री आला तो हात गळ्यात बांधून. "पेट्रोलचा पंप गेलाय, वहिनी. नवा आणून देतो, पण हे प्लास्टर निघेपर्यंत मी बसवू शकत नाही. पलीकडच्या गॅरेजला न्या."

"म्हणजे फाटकातून?"

"दोर बांधून ओढत न्यायची."

"नाही," टाकेबाई म्हणाली. "परत रुळांवर नाही. मला सांगा कसं बसवायचं."

मिस्त्रीनं तात्याकडं बघितलं. तात्या म्हणाला, "माझ्याकडं काय बघता? माझं ऐकलं असतं तर मी इतका वाळलो असतो का?"

मिस्त्रीनं मग सगळं सांगितलं. बॅटरीची वायर आधी सोडायची. शेडची दारं सताड उघडी. फोन घरात. "पेट्रोल परवडलं, वहिनी, त्याची वाफ वाईट. दिसत नाही, आणि एका ठिणगीची वाट बघत बसलेली असते. अंगावर नायलॉन नको, सुतीच घाला. आणि टाकीत कचरा जाऊ देऊ नका. पंपाच्या जाळीत धागा अडकला की परत तेच दुखणं."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं नवा पंप पोचवला, आणि ऊन वर आल्यावर तिनं काम काढलं. अंगावर धुऊन विरलेली सुती साडी, हातात बांगडी नाही. हवा इतकी कोरडी की ओठ फुटत होते. शेडच्या तोंडाशी तात्या वाळूची बादली मांडीवर घेऊन बसला होता.

"पेटलीस तर तुझ्यावर ओतू की गाडीवर?"

"तोंडात ओता. तुमच्या."

हसली मात्र नाही. मागची सीट उचलली, खालचं झाकण काढलं, वायरी आणि नळ्या सोडवल्या, पंप आवळून धरणारी मोठी गोल कडी फिरवून काढली. जुना पंप तिरका करून वर घेताना पेट्रोल मनगटावरून ओघळलं. गार, आणि लगेच नाहीसं. वास मात्र नाकातून थेट पोटात उतरला. पंप परातीत ठेवला. खाली टाकीचं काळं, उघडं तोंड राहिलं.

नव्या पंपाची रबरी रिंग शिवणखोलीत खोक्यातच राहिली होती. वारा शेडमध्ये धूळ आणत होता. टाकी उघडी टाकून जाणार कशी? तिनं शेडच्या कोपऱ्यातल्या चिंध्यांतून गणवेशाच्या कोटाला लावतात त्या अस्तराचा तुकडा घेऊन तोंडावर पसरला. सुती फडकं जवळच होतं, पण सुती कापडाचे बारीक तंतू झडतात, हे ती नाही तर कोण जाणणार? अस्तराचे झडत नाहीत.

रिंग घेऊन ती परतली. अस्तर उचलायला हात पुढं केला आणि हातावरची लव त्या कापडाकडं उभी राहिली.

हात तिथंच थांबला. थंडीत कापणीच्या टेबलावर हेच अस्तर ताग्यावरून ओढलं की तडतडतं. अंधुक उजेडात निळे कण उडतात. कित्येकदा तिला चटका बसला होता.

"अहो," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "लांब जा. अंगणाबाहेर जा."

"काय झालं?"

"मी टाकीवर नायलॉन टाकलंय."

तात्यानं मांडीवरची बादली घट्ट धरली. जन्मभर पेट्रोलपंपावर बस उभी केलेला माणूस. त्याला समजवावं लागलं नाही. "तू बाहेर ये. राहू दे ते तसंच."

"तसंच राहिलं तर वाफ साठतच जाणार. आणि वाऱ्यानं उडालं तर? जा म्हणते ना!"

"ब्रेक लावलाय खुर्चीला."

"मग काढा!"

"निघत नाही," तात्या म्हणाला. ब्रेकला त्यानं हातही लावला नव्हता.

टाकेबाई पाय न घासता एकेक पाऊल मागं सरकली. तडतडणारं अस्तर गप्प कधी बसतं? इस्त्रीआधी पाण्याचा फवारा मारला की. ओलं कापड नुसतं लोंबतं, मेल्यासारखं.

ती फवाऱ्याची बाटली घेऊन आली. आधी, अंगात साठलेली वीज जमिनीत उतरावी म्हणून, शेडच्या दाराच्या लोखंडी खांबाला उघडा तळहात लावून उभी राहिली. मग लांबूनच, थेंब पडायला नकोत म्हणून, पाण्याचं नुसतं धुकं सोडलं. अस्तर काळवंडत गेलं, सुरकुत्या बसल्या. ती थांबली. पुन्हा धुकं. तात्याचा श्वास तिला इथवर ऐकू येत होता.

तिनं गाडीच्या उघड्या पत्र्यावर एक हात ठेवला आणि दुसऱ्यानं कोपरा चिमटीत धरला. बाळाच्या अंगावरून पांघरूण काढावं तसं ते कापड उचललं. काहीही झालं नाही. तरीसुद्धा ते बाहेर नेऊन टाकेपर्यंत तिनं श्वास घेतला नाही.

नवा पंप बसला, रिंग बसली, कडी आवळली. सांडलेलं पेट्रोल पुसून फडकी लांब उन्हात टाकली. वास पुरता जाईपर्यंत बॅटरीला तिनं हात लावू दिला नाही. तात्यानं दोनदा विचारलं आणि दोनदा शिव्या खाल्ल्या. मग वायर जोडली, आणि ती चालकाच्या सीटवर बसली. चारी दारं उघडी.

चावी फिरवली. मागून बारीक गुणगुण उठली. मग इंजिन लागलं.

"लागली!" तात्या ओरडला. "एक फेरी मारून आणू या?"

तिनं गाडी बंद केली. क्लचवरचा तिचा पाय थरथरत होता, थांबता थांबत नव्हता.

"आज नको," ती म्हणाली. "आज मला नुसतं बसू द्या."

तात्यानं खुर्चीचा ब्रेक काढला, चाकं फिरवत उघड्या दारापाशी आला आणि तिच्या गुडघ्यावर हात दाबून ठेवला. पाय त्याच्या हाताखाली बराच वेळ हलत राहिला.